सदतीसाव्या वर्षी कळलेला ऑटिझम: सोलापूरच्या एका बाईचं प्रकरण

आधी एवढं सांगते की नाव खरं नाही, इथे तिला सरोजा म्हणते, घरच्या आणि नोकरीच्या काही खुणा मुद्दाम बदलल्यात आणि हे सगळं तिने स्वतः वाचून "चालेल" म्हटलंय. मी समुपदेशक आहे. निदान करणं माझं काम नाही, ते सायकियाट्रिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. पण ही केस माझ्याकडे आली, पुढे तपासणीला गेली आणि निदान घेऊन परत माझ्याकडेच आली, त्यामुळे जवळून बघायला मिळाली. मोठ्या वयात ऑटिझमची (म्हणजे जन्मापासूनच मेंदूची घडण वेगळी, त्यामुळे लोकांत मिसळणं आणि आवाज-स्पर्श जाणवणं वेगळं) शंका आली तर नक्की काय काय बघतात हे मराठीत कुणीतरी सविस्तर लिहावं असं मला फार दिवस वाटत होतं.

सरोजा ३७ वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेली, विणकर पद्मशाली घर, घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, सासूबाई सोबत राहतात, एक मुलगी नऊ वर्षांची. नोकरी एका पतसंस्थेत. लग्नाआधीपासून ती तिथे आतल्या खोलीत व्हाउचर तपासणं, लेजर, दिवसाखेरचा ताळमेळ हे काम करायची आणि तिने तपासलेला हिशोब कधी कुणाला परत बघावा लागला नाही. मग स्टाफ कमी झाला, तिला बाहेर काउंटरला बसवलं आणि वर थकबाकीदारांना वसुलीचे फोन करायला सांगितले. पगार थोडा वाढला, घरच्यांनी पेढे वाटले, आणि तिथून काही महिन्यांतच ती पार खचली.

संध्याकाळी घरी आली की बाथरूममध्ये लाईट बंद करून बसायची, अर्धा अर्धा तास. मुलीने बाहेरून हाक मारली तरी उत्तर नाही, नंतर विचारलं तर म्हणायची ऐकू येत होतं पण शब्दच निघत नव्हते. नवरा पहिल्या भेटीला सोबत आला होता, बिचारा खरंच गोंधळलेला होता. "असं का करलाली ही, काय कळंना झालंय मॅडम. तिकडं पतसंस्थेत सगळ्यांशी हसून बोलती म्हणे, अन् घरी आली की तोंड बंद." थायरॉईड तपासून झालं होतं, नॉर्मल होतं. डिप्रेशनच्या गोळ्या आधी दोनदा झाल्या होत्या, एकदा बाळंतपणानंतर आणि एकदा अलीकडे, झोप सुधारायची, रडणं कमी व्हायचं, पण मूळ त्रास तिथल्या तिथे. ते उपचार चुकीचे होते असं अजिबात नाही, डिप्रेशन खरंच होतं. फक्त ते पुन्हा पुन्हा का येतंय हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

माझ्या मनात शंका आली ती तिच्या वहीमुळे. साधी शंभर पानी वही, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची, मी विचारल्यावर संकोचत दाखवली. डावीकडे समोरचा काय म्हणेल आणि उजवीकडे आपण काय म्हणायचं. "वयस्कर माणूस आला: नमस्कार काका, बसा, काय काम काढलंत? (इथे हसायचं)." "जेवण झालं का विचारलं तर: हो, तुमचं? काय जेवलो ते सांगायचं नाही." "कुणी 'येतो मग' म्हटलं तर तो परत येणार नसतो, वाट बघायची नाही." एका पानावर फोनसाठी वेगळी वाक्यं, त्यात श्वास कुठे घ्यायचा तेही लिहिलेलं. असं पानांमागून पान. आणि तिला वाटत होतं की सगळेच मनात असं पाठ करून येतात, आपली स्मरणशक्ती कमी म्हणून आपल्याला लिहून ठेवावं लागतं. म्हणजे काउंटरवर जे हसून बोलणं लोकांना दिसत होतं ते दिवसभर वाक्य आठवून, चेहरा जुळवून, समोरच्याचा सूर ओळखून केलेलं काम होतं, आणि पतसंस्थेचं काम त्याच्या वर वेगळं. याला मास्किंग म्हणतात. बाथरूममधला अर्धा तास त्याचीच किंमत होती.

दुसरी गोष्ट आवाजाची. सासूबाईंची मोठी तक्रार हीच की ही नाटक करते. कारण सरोजा लूमच्या आवाजात वाढलेली, माहेरी खाली यंत्रमाग आणि वर घर, अख्खं बालपण त्या खटखटीत गेलं, तिथे ती गाढ झोपायची, आणि हीच बाई कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून स्वयंपाकघरातून पळते हे कुणाला पटणार? पण ऑटिझममध्ये असं असतं. लूमचा आवाज एका लयीत, कधी थांबणार कधी सुरू होणार ते ठरलेलं. शिट्टी, डीजे, स्टीलचं भांडं पडणं हे न सांगता येतं. तिला काही संवेदना नको इतक्या लागतात आणि काही कमी लागतात, उदाहरणार्थ भूक लागलेली तिला दुपारी चारपर्यंत कळतच नाही, हात थरथरायला लागले की कळतं. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला ती जाते, आवडतं तिला, पण भर दुपारी, होम मैदानावर पाळणे बंद असतात आणि स्टॉलवाले जेवत असतात तेव्हा.

आता कुणी म्हणेल एवढं सगळं होतं तर ३७ वर्षं दिसलं कसं नाही. मला या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. दिसत होतं सगळ्यांनाच, फक्त प्रत्येक गोष्टीला घरात आणि गल्लीत आधीच एक उत्तर तयार होतं. ती मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायची, "मला आपल्याशी किंचित बोलायचे आहे" वगैरे, तर लोक म्हणायचे तेलुगू घरातली आहे, शाळेत शिकलेली मराठी आहे, असंच बोलणार. पण तिची बहीण त्याच घरातली आणि ती अस्सल सोलापुरी बोलते, हे कुणी ताडून बघितलं नाही. नजरेला नजर देत नाही, तर मुलगी वळणाची आहे. मान खाली घालून कमी बोलते, तर सून संस्कारी आहे, बघायला आलेल्या लोकांना तर तेच आवडलं होतं. नातेवाईकांत मिसळत नाही, तर शिष्ट आहे, नोकरी करते म्हणून चढलीये. अभ्यासात हुशार म्हणून शाळेने कधी काळजी केली नाही. मुलाने यातलं अर्धं जरी केलं असतं तरी कुणीतरी डॉक्टरकडे नेलं असतं असं मला वाटतं. मुलीच्या बाबतीत आपण गप्प राहण्याला गुण समजतो आणि तिथेच ती नजरेतून सुटते.

शिवाय काळही तसा होता. ऑटिझमचं वर्णन लिओ कॅनरने १९४३ मध्ये केलं, पण बरीच वर्षं हे नाव न बोलणाऱ्या लहान मुलांपुरतंच राहिलं. चांगलं बोलणाऱ्या, हुशार माणसांकडे लक्ष वळलं ते लोर्ना विंगच्या १९८१ च्या लेखानंतर, आणि अमेरिकेच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकात अशा माणसांसाठी अस्पर्गर हे नाव आलं १९९४ मध्ये. सरोजा तेव्हा प्राथमिक शाळेत होती, सोलापुरात तिच्या बाईंना हे माहीत असण्याची शक्यता शून्य. २०१३ च्या डीएसएम ५ मध्ये अस्पर्गर वगैरे वेगळी नावं काढून सगळं मिळून ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर केलं. त्याच पुस्तकात मोठ्या माणसांच्या दृष्टीने फार कामाची एक गोष्ट आहे: लक्षणं लहानपणापासून असलीच पाहिजेत, पण समाजाच्या मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्णपणे उघडी पडणार नाहीत असं होऊ शकतं, आणि पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांनी ती झाकलीही जाऊ शकतात. सरोजाचं काउंटर म्हणजे त्या मागण्या झेपेनाशा होण्याची जागा. ऑटिझम काउंटरमुळे झाला नाही, आतल्या खोलीत तो झाकला गेला होता एवढंच.

मग आम्ही एक्यू नावाची ऑटिझमच्या खुणा विचारणारी प्रश्नावली केली. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या टीमने २००१ मध्ये बनवलेली, ५० प्रश्न, ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासणी करावी असं मानतात. इंटरनेटवर फुकट मिळते आणि लोक ती सोडवून स्वतःच ठरवून मोकळे होतात, ते करू नका. एक तर ही चाळणी आहे, निदान नाही, चिंता किंवा डिप्रेशन असलं तरी गुण वाढू शकतात. दुसरं म्हणजे प्रश्न तिकडच्या आयुष्यातले. पार्टीला जायला आवडेल की लायब्ररीत, नाटकाला की म्युझियमला. सरोजा पार्टीच्या प्रश्नावर बराच वेळ अडली, "कुठली पार्टी? किती माणसं? मंगल कार्यालयातलं बारसं की घरातलं हळदीकुंकू? निघायची वेळ ठरलेली आहे का?" तिचे गुण ३६ आले, पण त्या आकड्यापेक्षा हे अडणं मला जास्त सांगून गेलं आणि मी पुढे पाठवताना चिठ्ठीत तेच लिहिलं.

आधी सोलापुरातच सायकियाट्रिस्टना दाखवलं. हे टाळू नये, कारण डिप्रेशन त्या वेळी चालू होतं आणि झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करायचे विचार हे आधी बघावंच लागतं. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जावं, आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, मराठीत बोलता येतं. सायकियाट्रिस्टनी औषध सुरू केलं, ऑटिझमची शंका त्यांनाही रास्त वाटली आणि त्यांनी सविस्तर तपासणीसाठी पुण्याच्या एका आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव दिलं ज्यांना मोठ्या माणसांच्या ऑटिझमचा अनुभव आहे. हे शेवटचं विचारून घ्यावंच लागतं. बरेच चांगले लोक फक्त मुलांचंच काम करतात.

जाण्याआधी तयारी करायला मी तिला आणि तिच्या आईला बसवलं, कारण मोठ्या माणसाच्या निदानात बराचसा पुरावा लहानपणात असतो आणि तो घरच्यांच्या डोक्यात पडून असतो, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अम्मा पहिल्यांदा म्हणाल्या, "हिचं काही नव्हतं मॅडम, लय शांत पोरगी." मी ऑटिझम हा शब्द बाजूला ठेवला आणि साधे प्रश्न विचारले. काही हवं असलं की कसं मागायची? अम्मा म्हणाल्या, बोट दाखवायची नाही, माझा हात धरून न्यायची अन् माझा हातच त्या डब्यावर ठेवायची. खेळायची काय? भातुकलीची भांडी लहान-मोठी एका रांगेत लावायची, दुसऱ्या पोरींनी त्यात खोटा भात शिजवायला घेतला की किंचाळायची. दिवाळीचा नवा फ्रॉक? जरीचं काम टोचतं म्हणून कधी घातला नाही, एकच जुना सुती फ्रॉक, तो धुवायला टाकला की दोरीखाली उभी राहायची वाळेपर्यंत. बोलायची कशी? रेडिओच्या बातम्यांसारखी, शेजारी मुद्दाम बोलवून बातम्या म्हणायला लावायचे, कौतुकाने. वडील जकार्डच्या चादरींचं डिझाइन ग्राफ पेपरवर काढून त्यावरून कार्डं पंच करायचे, त्यांच्या शेजारी बसून ही एकेक चौकोन मोजायची, जेवायला उठायची नाही. ते जुने ग्राफ पेपर अजून तिच्याकडे आहेत, कपाटात क्रमाने लावलेले, आणि त्याबद्दल ती बोलायला लागली की अर्धा तास थांबत नाही, तेव्हा वही लागत नाही, नजर पडलेली नसते, वेगळीच बाई दिसते.

लोखंडी पेटीतून शाळेची प्रगतिपुस्तकं निघाली. तीन वेगवेगळ्या इयत्ता, तीन वेगळ्या बाई, आणि शेरा जवळजवळ तोच: अभ्यासात हुशार, मुलींत मिसळत नाही, स्वतःच्याच तंद्रीत असते. हे कागद सोन्यासारखे जपून न्या असं मी तिला सांगितलं, कारण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी तटस्थपणे लिहून ठेवलेलं आहे, आजचं डिप्रेशन किंवा इंटरनेटवर वाचलेलं काही त्यात मिसळलेलं नाही.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने तिघं पुण्याला गेले, सरोजा, नवरा आणि अम्मा. तपासणी दोन बैठकांत झाली, बऱ्याच तासांची. आधी तिच्याशी बोलणं, मग अम्मांची वेगळी मुलाखत, नवऱ्याची वेगळी, बुद्धिमत्तेची चाचणी, आणि एडीओएस २ नावाच्या निरीक्षणाच्या पद्धतीचा मोठ्यांसाठीचा भाग. त्यात तुमचं उत्तर बरोबर की चूक हे बघत नाहीत, गप्पा कशा चालतात, हातवारे, नजर, सूर, एखादी गोष्ट सांगताना समोरच्याला काय माहीत असेल याचा अंदाज, हे बघतात. सोबतच हे दुसरं काही तर नाही ना ते तपासलं. सोशल अँक्झायटी असलेल्या माणसाला काय बोलायचं ते बहुतेक वेळा कळत असतं, लोक हसतील ही भीती आडवी येते. सरोजाला अलिखित नियमच दिसत नव्हते, भीती नंतर आली, बोलणी खाऊन खाऊन. अगदी सख्ख्या बहिणीशीही ती वाक्यं ठरवूनच बोलते, तिथे भीतीचा प्रश्नच नाही. ओसीडी, म्हणजे नको असताना तेच तेच विचार आणि कृती होण्याचा आजार म्हणावं तर तिचं लावणं-मोजणं तिला नकोसं नाही, त्यात तिला सुख आहे. डिप्रेशन येऊन-जाऊन होतं, हे बाकीचं मात्र चार वर्षांच्या वयापासून सलग. निदान आलं: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १ (तीन पातळ्यांपैकी सगळ्यात कमी मदत लागणारी), बौद्धिक अक्षमता नाही, सोबत वारंवार येणारं डिप्रेशन.

येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही आणि नवऱ्याने तिला बोलायला लावलं नाही, हे त्याने मला नंतर सांगितलं तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. पुढचे काही आठवडे मात्र सोपे नव्हते. आधी हलकं वाटलं, मग राग, शाळेवर, सासरवर, अम्मावर, स्वतःवर. शिष्ट म्हणून ऐकून घेतलेली सगळी वर्षं एकदम आठवायला लागली. अम्मा एकट्या येऊन विचारून गेल्या, "माझंच काही चुकलं का? मी लूमवर असायची, पोरीला वेळ दिला नाही." एके काळी डॉक्टरही आईच्या थंडपणाला दोष द्यायचे, ती कल्पना कधीच खोटी ठरलीये. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही, लसींनी होत नाही. हे मी त्यांना परत परत सांगितलं, कारण एकदा सांगून आईचं समाधान होत नाही. आणि सरोजाच्या वडिलांविषयी त्या बोलायला लागल्या, तेही असेच, ग्राफ पेपर आणि ते, लग्नात सुद्धा मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

ऑटिझमवर गोळी नाही आणि सरोजाला बरं करायचं असं काही नव्हतंच. स्टेम सेल वगैरे सांगून पैसे घेणारे लोक आहेत, त्या उपचारांना आधार नाही, त्यांच्या वाटेला जाऊ नये. तिच्या बाबतीत फरक पडला तो साध्या गोष्टींनी. कुकरच्या वेळी इअरप्लग. घरी आल्यावर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत एकटी, पण आता बाथरूममध्ये लपून नाही, सगळ्यांना माहीत असलेला अर्धा तास, आणि मुलगी दारावर "अम्मा आराम करतेय" असा कागद लावते. जेवायचा अलार्म. नवऱ्याने "जरा बघ ना" असं मोघम बोलणं सोडून "सात वाजता दूध आण" असं सांगायला सुरुवात केली, आणि भांडणं निम्म्याने कमी झाली असं तोच म्हणतो.

नोकरीत तिने निदान सांगितलं नाही. तिचा निर्णय आणि मला तो योग्य वाटला, कारण सांगितलेलं परत घेता येत नाही. मॅनेजरना फक्त काय जमेल आणि काय नाही ते लेखी दिलं: ताळमेळ पूर्वीसारखा करीन, काउंटर सकाळचे दोन तास, वसुलीचे फोन नकोत, त्याऐवजी नोटिसा तयार करून देईन. फोन गेले, नोटिसा आल्या. महिनाअखेरीला मात्र अजूनही पूर्ण दिवस काउंटर असतो आणि त्यानंतरचा रविवार तिचा झोपण्यात जातो. डिप्रेशनची गोळी सायकियाट्रिस्ट हळूहळू कमी करतायत, स्वतःहून बंद केलेली नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचं बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. निदान वेगळं आणि प्रमाणपत्र वेगळं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, अर्ज युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा आणि सरकारी रुग्णालयातल्या मंडळासमोर जायचं. मोजणी आयसा नावाच्या भारतीय प्रमाणावर होते, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे ४० ते २०० मध्ये गुण, ७० च्या आत आले तर ऑटिझम धरत नाहीत. या गुणांवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. ही मोजणी बरीचशी बघणाऱ्याला काय दिसतं यावर चालते, त्यामुळे सरोजासारखं सगळं झाकून वागणाऱ्या माणसाचे गुण कमी येण्याची शक्यता असते, आणि मला यात खरोखर अन्याय दिसतो. तिने अर्ज अजून केलेला नाही. करणार असशील तर मंडळासमोर हसायचं नाही, जशी घरी असतेस तशीच बस, असं तिच्या बहिणीने सांगितलंय, आणि मलाही तेच म्हणायचंय, फक्त सोबत पुण्याचा रिपोर्ट आणि प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स असू द्या.

सासूबाईंना पटलंय असं मी म्हणणार नाही. नणंद तर उघड म्हणते की आजकाल सगळ्यांनाच काहीतरी निघतं. पण पाहुणे आले की सासूबाई आता "ती येईल जरा वेळाने" एवढं म्हणतात आणि तिला हाक मारत नाहीत.

नवऱ्याचा शेवटचा प्रश्न मुलीबद्दल होता, तिचीही तपासणी करून घ्यायची का. मुलीला मैत्रिणी आहेत, शाळेत रमते, पण तीही कपड्यांचे टॅग कापून घालते. नुसत्या टॅगवरून धावपळ करू नका असं मी सांगितलं, आई ऑटिस्टिक आहे म्हणून शक्यता थोडी जास्त धरायची आणि मुलीला कशाचा तरी त्रास होतोय, शाळा नको म्हणते, घरी येऊन गप्प बसते असं दिसलं तर लगेच दाखवायचं. सरोजाने त्यावर एकच गोष्ट ठरवलीये, मुलीच्या प्रगतिपुस्तकांबरोबर ती दर वर्षी एक पान स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवणार आहे, या वर्षी हिला काय आवडलं, काय सोसवलं नाही आणि कशाला घाबरली, तारखेसकट.